मालतीबाईंच्या चेहऱ्यावरचं पाणी

बालीगंजच्या त्या घरात भिंतीवर तसबीर लागायची ती थोरल्या सुनेच्या, शकुनच्या हातची. डागाळलेले जुने फोटो ती कॉम्प्युटरवर असे उजळायची, की कलकत्त्यातले ओळखीचे मराठी लोक आपापले पूर्वज घेऊन तिच्या दारी येत.

पण स्वतःच्या लग्नाच्या पन्नाशीला सासूबाईंनी, मालतीबाईंनी आपला फोटो दिला तो धाकटीला. “तुझं ते फोटोतल्या चेहऱ्यावर पाणी सोडायचं कर गं, नूपुर. अगदी खरं ओघळतंय असं वाटतं.”

शकुन चहा गाळत होती. गाळणी जरा जोरातच आपटली गेली.

नूपुर जन्मानं, शिक्षणानं कलकत्त्याचीच. प्रत्येक थेंब ती कॉम्प्युटरवर वेगळा काढायची. खाली बारीकशी सावली, वर चमक, आणि थेंबाच्या आत सुरकुती मोठी झालेली. फोटो तयार झाल्यावर शकुन खोट काढायलाच गेली, पण पाण्यात काही खोट सापडेना. ती जळफळली. मग नजर कपाळावर गेली. पाण्याबरोबर कुंकू विरघळून भुवईपर्यंत उतरलं होतं. सवाष्णीचं कुंकू, आणि तेही पन्नाशीच्या तसबिरीत!

“कसं झालंय, वहिनी?”

“छान,” शकुन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तसबिरीवरचं कापड निघालं आणि मालतीबाईंचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला. “अगं बाई! माझं कुंकू?”

नूपुर गोंधळली. “आई, दुर्गापूजेच्या दशमीला इथल्या बायका तोंडभर सिंदूर माखतात ना? किती शुभ दिसतं! मला वाटलं...”

“मी अजून बसलोय हो इथे!” मालतीबाईंचे यजमान नारायणराव म्हणाले. हशा पिकला, पण नूपुरचे डोळे भरून आले. “वहिनी, तुम्ही तर काल पाहिलं होतंत.”

शकुन चहाचे कप गोळा करू लागली. मालतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या काय ते समजल्या. “मग आता तूच ते नीट कर. भिंतीवर फोटो हाच लागणार.”

शकुननं कुंकू पुन्हा जागेवर बसवलं, पण ओल्या चेहऱ्यावर ते कोरडं, चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी शकुननं पाण्याचे ओघळ दोन्ही बाजूंनी वळवले, कुंकवाला ओली चमक दिली. इतकं सुबक काम तिनं आजवर केलं नव्हतं.

नवी तसबीर लागली. पाहायला आलेल्या सरलाकाकू म्हणाल्या, “काय पाणी काढलंय नूपुरनं!”

“कुंकू वहिनींचं आहे हं,” नूपुर लगेच म्हणाली.

तिच्या त्या मोठेपणानं तर शकुनच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.