बनुमावशीची सवत अडकली

बनुमावशीला चष्मा न्हाई, तोंडात दात चारच, पन नेम असा की लांबून फुगा सांगा, त्याचा दोरा तोडून दाखवंल. शेवगावकडच्या आमच्या गावच्या जत्रंत फुगे फोडायचा स्टॉल तिचाच. लोखंडी पेटीवर बसती, मिश्री लावती आन् वरडती अशी की पाळन्यात बसलेली मानसं खाली बघत्यात.

तिच्याकडं बंदूक एकच. छऱ्याची. खाली दांडा हाय. दांडा खटकन खाली वढायचा, छर्रा घालायचा, दांडा वर दाबायचा, झाडायची. सहादूकाका, म्हंजी मावशीचा नवरा, लग्नाच्या वर्षी ती नगरहून घेऊन आला आन् पयल्या रात्री बायकू सोडून तिच्याच नळीला फडकं मारत बसला. तवापासनं मावशी बंदुकीला 'सवत' म्हनती. शिव्या देती, पन दुसऱ्या कोनाला हात लावू देत न्हाई.

मी नववीतनं साळा सोडली तवा घरात माज्याशी कोन धड बोलत नव्हतं. मावशी म्हनली, "साळा सुटली, हात तर हायत ना? माज्या शेजारी रिंगा टाकायचा स्टॉल लाव." बास. तवापासनं मावशीला कोन हसलं की माजं डोकं फिरतं.

यंदा जत्रंत कल्याण नावाचा एक पोरगा आला. त्यानं हवेचा हत्ती आनलेला. घराएवढा, निळा, रबरी. पंपानं फुगवायचा आन् पोरांनी त्याच्या पोटात उड्या मारायच्या. त्याला पायजे हुती लिंबाखालची जागा. ती लग्नापासनं मावशीची. तरी त्यानं मावशीच्या फुग्यांच्या फळीमागंच, फळीकडं शेपूट करून हत्ती फुगवून उभा केला आन् आबासाहेबाच्या मागं लागला. आबासाहेब जत्रंचे अध्यक्ष.

आमच्याकडं रीत हाय. जत्रंचा पयला फुगा मानाचा. तो अध्यक्षानं मावशीच्या बंदुकीनं फोडायचा, मगच सगळे खेळ सुरू. आबासाहेब फेटा बांधून आले, बंदूक घेतली, दांडा वढला. दांडा हालंना. परत वढला. फेटा सुटला, दांडा तसाच.

कल्याण लगीच म्हनला, "आबासाहेब, म्हातारी झाली ती बंदूक. जागा हत्तीला द्या."

"तुजा हत्ती काय मतदार हाय का रं?" मी म्हनले.

"गप गं निके," आबासाहेब म्हनले. "बनुबाई, आरती हुईपर्यंत थांबतो. मानाचा फुगा फुटला तर जागा तुजी. न्हाई तर हत्तीची."

मग काय, सगळी जत्राच मेकॅनिक झाली. एक म्हनला उनात ठेवा. दुसरा म्हनला सावलीत ठेवा. एकानं लिंबू-मिरची बांधली. कल्याण पुढं आला आन् नळीला डोळा लावून आत बघाय लागला. मावशीनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याची टोपी उडाली.

"मुडद्या, बंदुकीच्या तोंडात डोळा घालतो व्हय? उद्या हत्तीला मागून बघशील!"

तिनं नळी जमिनीकडं केली, छर्रा न्हाई ना ते बघितलं आन् पेटीवर बसून दांडा चाचपाय लागली. सहादूकाका गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

"अडकायचं कारनच न्हाई," तो म्हनला. "काल सांजच्याला मी सोता तिला पोटभर ऑइल पाजलंय."

तिकडं देवळात आरतीची तयारी सुरू झाली. कल्याण मोबाईलवर लिंबाखालच्या जागेचा फोटू काढत हुता. मावशी अजून दांडाच चाचपत हुती.

येवढ्यात पेटीच्या पायापासनं मुंगळ्यांची रांग दिसली. रांग पेटीवर चढली, मावशीच्या लुगड्यावरनं पुढं गेली आन् नीट दांड्याच्या फटीत घुसली. मावशीनं फटीत बोट घातलं, बोट चाटलं आन् नवऱ्याकडं बघितलं.

"अवं, कोन्ची बाटली घेतली हुती?"

"खिडकीतली. क्वार्टरची."

"खिडकीत दोन क्वार्टरच्या बाटल्या हायत. एकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आन् एकीत कोपरगावच्या पाव्हन्यांनी दिलेली उसाची काकवी."

"तरीच," सहादूकाका म्हनला, "सकाळी भाकरीवर काकवी वतली तर ट्रॅक्टरचा वास येत हुता."

"आन् खाल्ली?"

"दोन घास खाल्ले. मला वाटलं आज तूच केलीस तशी."

जत्रा हसून लोळली. मी पन हसले, खोटं कशाला बोलू? मावशी मातर उठली. "निके, चहावाल्याकडनं उकळतं पानी आन. पळ!"

मी किटलीच उचलून आनली. मावशीनं फटीत धार धरली. काळं गोड पानी गळाय लागलं, मुंगळे पळाले. दांडा चिक्क करून जरासा हालला. अजून धार, अजून एक झटका, आन् खटाक! दांडा खाली. तिनं पदरानं सगळं कोरडं केलं, पेटीतल्या खऱ्या ऑइलचा थेंब सोडला आन् आबासाहेबाच्या हातात बंदूक दिली. तिकडं आरतीची घंटा वाजाय लागली.

आता अडचन अशी की आबासाहेब बंदूक झाडताना दोन्ही डोळे मिटतात. मावशी फुगा नीट करते म्हनून फळीमागं गेली. जाता जाता तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली. ते मला दिसलं, बाकी कोनाला न्हाई.

ठॉ! फुगा फुटला. आन् त्याच्यामागनं एक लांबलचक आवाज आला, म्हस बसल्यावानी. बघतो तर कल्याणचा हत्ती सोंड खाली टाकून गुडघ्यावर येत हुता.

"एका छऱ्यात दोन!" सहादूकाका वरडला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. आबासाहेबांनी डोळे उघडले, फुगा बघितला, हत्ती बघितला आन् मिशीवर हात फिरवला.

"आबासाहेब, माजा हत्ती!" कल्याण म्हनला.

"मानाच्या छऱ्याच्या मधी आला तो. जागा बनुबाईची."

छर्रा हत्तीत आन् पिन फुग्यात, पन आता नेम चुकला म्हनायची कोनाची टाप?

कल्याण हत्तीच्या सोंडेवर बसून रडकुंडीला आला. मी म्हनले, बरं झालं. पन मावशी सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आन् सोल्युशन घेऊन त्याच्याकडं गेली. वाकून भोक शोधलं.

"उठ, शेपूट धरून ठेव," ती म्हनली. "भोक मागं हाय. पुढनं कोनाला दिसत न्हाई."