काकूच्या डब्यातली पांढरी गोळी

मेडिकलच्या बाकड्यावर बसणाऱ्याकडे किस्से साचतात, थर्मल वीजकेंद्राची राख साचती तसे. सकाळी झाडा, दुपारी बोट फिरवा, पुन्हा हायेच! परळीतल्या आमच्या शिवाप्पाच्या दुकानात मी औषधाला क्वचित जायचो. आप्पाला छळायला रोज.

*

धर्मापुरीच्या दादारावांना बीपीची गोळी होती, रोज जेवणानंतर. एका सोमवारी दुकानासमोरच चक्कर येऊन बसले.

"गोळी घेतली का?" आप्पानं विचारलं.

"सोमवारचा उपास हाय. जेवलोच न्हाई, तर जेवणानंतरची कावून घेऊ?"

मी म्हणालो, "म्हंजे दर सोमवारी बीपीला सुट्टी!"

दादाराव गंभीरपणे म्हणाले, "शिवरात्रीलाबी."

*

दुकानामागंच घर. तिथं आप्पाची आई, आमची काकू. गल्लीत कुणाची गोळी उरली की काकूच्या बिस्किटाच्या डब्यात!

"भाकर फेकता का? मंग गोळी कावून फेकायची?"

लाल गोळी रगताला, पिवळी काविळीला, पांढरी डोक्याला. लेकराला पाव, बाईला अर्धी, गड्याला आख्खी.

"आन् म्हशीला?" मी विचारलं.

"तुला देती तेवढीच!"

*

मग आप्पाची लेक सुमन बाळंतपणाला माहेरी आली आणि आप्पाचं हसू पळालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, विचारल्याशिवाय एक गोळी घ्यायची नाही. काकूनं पहिल्याच दिवशी नातीचं डोकं दाबत डबा उघडला!

आप्पानं डबा हिसकावला. काकू रुसली, जेवेना. "तुला ह्याच डब्यावर वाढवलं. तू काय मेलास?"

आप्पा रडकुंडीला आला. "पोटात लेकरू हाय तिच्या. काय करू बे?"

मी किराणा दुकानातून लाल, पिवळ्या, पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या. काकू देवळात गेलती, तेवढ्यात आप्पानं डबा रिकामा करून स्वतःच्या हातानं त्या भरल्या आणि डबा जागेवर ठेवला.

*

आणि गल्ली पटापट बरी व्हायला लागली!

शेजारीण म्हणाली, "काकू, हल्ली गोळी गोड लागती की!"

"आता फारीनच्या कंपन्या आल्यात, बाई. कडू दिवस गेले!"

*

सुमन आणि तिची लेक सुखरूप आहेत, हे आधीच सांगतो. उगाच जीव टांगणीला नको. पण बाळंतपणाच्या त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्हाला ते कुठं ठाऊक होतं? आतून काही कळेना. काकू मांडीवर डबा घेऊन बसलेली. आप्पा येरझाऱ्या घालून घामाघूम झाला, शेवटी तिच्याशेजारी मटकन बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आई, पांढरी हाय का?"

मी आप्पाकडं बघतच राहिलो. काकूनं दातानं मोडून पाव तुकडा पुढं केला.

"आख्खी दे, आई!"