टेबलावरच्या कस्तुराबाई

उर्सेच्या कस्तुराबाई दर गुरुवारी तळेगावला आमच्या मेडिकल कॉलेजात यायच्या आणि ऑपरेशनच्या टेबलावर पडून राहायच्या. आजार काही नव्हता. शस्त्रक्रियेत जखमेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधी पाय कसा स्वच्छ करायचा, निर्जंतुक कापड कसं घालायचं, हे डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली त्यांच्या पायावर शिकायच्या. एक जण टाच तळहातावर तोलून धरी, दुसरी गुडघ्यापासून खाली औषध लावत जाई. मी तिथला लॅब असिस्टंट, औषधाच्या वाट्या मांडणारा.

बाई एकट्या. नवरा कधीच गेलेला. मुलगा अमृत सुरतेला कारखान्यात, त्याचा फोन सणावारी. उर्सेला गाड्या हजारो थांबतात, पण टोलनाक्यावर. बाईंच्या दारात एकही नाही. गुरुवारी त्या न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून येत. मुली विचारायच्या, मावशी, औषध गार लागतंय का? लागत नसलं तरी बाई हो म्हणायच्या. मग एखादी त्यांचा पाय हातात धरून थोडी थांबायची. एकदा मला म्हणाल्या, "गुरवार सोडला तर मला हात लावणारं कुनी न्हाई बगा." मी वाट्या पुसत बसलो.

मग व्हीआरचे चष्मे आले. डोळ्यांवर चढवले की समोर अख्खं ऑपरेशन थिएटर उभं राहतं. नको तिथे हात लागला की सगळं लाल होतं आणि गुण कापले जातात. चीज चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मुलांच्या चुका खरंच कमी झाल्या. चष्म्यातल्या टेबलावर पेशंट दाखवायचा म्हणून चष्मे बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी बाईंनाच विचारलं आणि चहूबाजूंनी त्यांचे फोटो काढले. बाईंना वाटलं, आता आपलं येणं पक्कं झालं. झालं उलटंच. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य मजेत होते, गरज पेशंटची सरली होती.

त्या पुढच्या गुरुवारी आल्या तर टेबलच हलवलेलं. आमच्या विभागप्रमुख डॉ. अरुंधती स्वभावाने मऊ. 'आता येऊ नका' हे काही त्यांच्या जिभेवर येईना. म्हणून बाई येत राहिल्या, भिंतीकडेच्या स्टुलावर बसत राहिल्या. समोर मुलं-मुली चष्मे लावून हवेत हात फिरवायची, भुतांनी झपाटल्यासारखी. बाई त्यांतल्या कुणालाच दिसत नव्हत्या. आज मी लागणार का, असं त्या मला विचारायच्या. मला मॅडमच्या त्या मऊपणाचा राग यायचा.

शेवटी मॅडमनी धीर केला. म्हणाल्या, मावशी, तुम्हीच एकदा बघा, म्हणजे लक्षात येईल. त्यांनी बाईंच्या डोळ्यांवर चष्मा बसवला. बाईंना दिसत होतं ते पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. टेबलावर कस्तुराबाई निजलेल्या, डोळे मिटलेले, एक पाय उघडा. भोवती कुणी नाही. बाई एक पाऊल पुढे सरकल्या. मग वाकल्या आणि टेबलावरच्या बाईच्या कपाळावर हळूच हात ठेवला.

पडदा लालभडक झाला. यंत्र म्हणालं, हात दूषित झाला आहे, पुन्हा सुरुवात करा. दोघं-तिघं हसले. बाईंनी हात काढला नाही. त्या हवेतच थोपटत राहिल्या.

मॅडमनी चष्मा उतरवला तेव्हा बाईंचे डोळे भरले होते. मॅडम माफी मागू लागल्या, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"डाक्टरीनबाई, माजं काम सपलं, त्ये मला कळलंय. मी न्हाई येत आता," त्या म्हणाल्या. "पर ती एकलीच पडलीया तितं. कुनीतरी तिच्यापाशी जरा बसत जावा."