आक्काच्या काश्या

गावात मला तोंडाळ म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. नळावर, बसमध्ये, बाजारात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. पण जिथं तोंड उघडायला हवं होतं तिथं मी काय केलं, ते आठवलं की अजून मान खाली जाते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. भोसरीकडच्या एका कंपनीच्या बागेत आम्ही बायका रोजावर होतो. मी कुरुळीहून बसनं यायची. दिघीहून एक बाई यायची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणायची. शेवंतीचा शेंडा कधी खुडायचा ते तिनं माझा अंगठा धरून शिकवलं. “जीव खालीवर करू नको गं. शेंडा गेला की चार फांद्या फुटत्यात.” दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. आक्का बौद्ध होती. एका डब्यातलं जेवण मी घरी कधी कळू दिलं नाही.

तिच्या घरामागं पिवळ्या शेवंतीचा वाफा होता, तिच्या आईकडून आलेला. खोली वाढवायची म्हणून तो मोडावा लागला. बहर सरल्यावर झाडाच्या बुडाशी काश्या, म्हणजे लावणीचे कोंब, फुटतात, त्या सगळ्या तिनं ओल्या गोणपाटात बांधून मला दिल्या. आमच्यात काश्या विकत नाहीत. देणाऱ्याला पहिला बहर द्यायचा, एवढीच रीत. आक्का म्हणाली, “दसऱ्याला इहारात बुद्धाला वाह्यला आईची फुलं लागत्यात मला. तेवढी दे, म्हंजे झालं.” मी हसत हो म्हटलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, काश्या कुठल्या? मी म्हटलं, माहेरच्या. मग काय, त्यांनी सुनेच्या माहेरचा म्हणून वाफ्याला जीव लावला. पावसाळ्यात मी काम सोडलं आणि दोघी मिळून त्याच्यामागं लागलो. असा फुटला वाफा की जाणारा येणारा थांबायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पहिला तोडा केला. सासूबाईंनी एक पाटी आळंदीला देवाला धाडली. उरलेली ओट्यावर विकायला मांडली. थोडी पदराखाली घालून दुपारी दिघीला नेऊन द्यायची, असं माझ्या मनात चाललेलं. तेवढ्यात आक्काच फाटकात उभी राहिली. धुतलेलं पांढरं लुगडं, हातात पिशवी.

सासूबाई म्हणाल्या, “कोण गं? वळखीची हाय का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “गिऱ्हाईक हाय.”

माझी मेलीची जीभ झडली कशी नाही.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग वाफ्याकडं. ओट्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, अर्धा किलो द्या.” मला, जिला ती सदा गं म्हणायची. मी तराजू उचलला. तोलून झाल्यावर आम्ही वर एक मूठ घालतो, ती मी ओंजळभर घातली. तिनं जास्तीची फुलं वेचून पाटीत परत टाकली. “इकत घेतलीत. वर नको,” म्हणाली. पैसे तिनं सासूबाईंच्या हातावर ठेवले.

जाता जाता वाफ्यापाशी ती वाकली. “शेंडे वक्तावर खुडलेत. सुनंचा हात चांगला हाय तुमच्या.”

सासूबाई फुलून गेल्या. “तिच्या म्हायेरच्या काश्या हाईत त्या.”

“व्हय,” आक्का म्हणाली. “म्हायेरच्याच हाईत.”

आणि ती फाटकातून बाहेर पडली. बसचा थांबा काही लांब नव्हता. बसही लगेच आली नाही, ओट्यावरून मला तिचं पांढरं लुगडं बराच वेळ दिसत होतं. धावत गेले असते तर गाठलं असतं. पुढचं गिऱ्हाईक आलं आणि मी त्याला फुलं तोलून दिली.