उतरवलेली काच

त्या बुटक्या लाल गाडीत दरवळणारा खसाच्या अत्तराचा गंध मला अजून आठवतो. शेजारचा तो तरुण चितेगावच्या कारखान्यात जाताना मला मी शिकवायचे त्या शाळेपाशी सोडत असे. पोलीस दिसण्याआधीच तो गाणे बंद करी, काच उतरवी, कागदपत्रे मांडीवर घेई. काही चूक नसताना ही शिस्त त्याला कुणी लावली?

त्या दिवशीही हवालदाराने अडवलेच.

"कुणाची उचलली रे, हिरो?"

"माझीच आहे, साहेब. कालच बघितले नं कागद? शिफ्ट चुकंल माझी."

"चुकू दे."

"रोज याचीच गाडी का?" मी संतापून विचारले.

हवालदार चपापला. त्या तरुणाकडे न बघताच त्याने कागद परत केले आणि माझ्या खिडकीशी येऊन, अदबीने वाकून मला म्हणाला, "सॉरी."