चालतंय

दीपमाला मुरुमची. ब्लाउज शिवावा तर तिनंच, असं अख्खी गल्ली म्हणते. पण बाई हट्टी! जीव जाईना का, कुणी "कसं काय?" विचारलं की हिचं ठरलेलं, "चालतंय!" त्या एका शब्दानं घात केला बघा.

सहा वर्षांमागं पायाला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढं धुरकट झालं. मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं, मेंदूचा नि नसांचा आजार. तवापासून दर तीन महिन्यांनी धाराशिवच्या दवाखान्यात फेरी. नोंदी घेणारी निकिता विचारायची, "कसं काय, ताई?" ही म्हणायची, "चालतंय." निकिता कॉम्प्युटरात भरायची, 'चालते.'

आता तिथं नवीन पद्धत आली. कॉम्प्युटर जुन्या नोंदी वाचून कुणाचा आजार किती वाढलाय याचा अंदाज काढतो. ज्यांचा जास्त, त्यांना आधी जोरकस इंजेक्शनं. दीपमालाच्या नावापुढं आलं, 'सौम्य.'

"सौम्य?" सासू म्हाळसाबाई कडाडल्या. "मशिनीपासून मोरीपर्यंत म्या धरून नेते हिला! तुमच्या डब्याला डोळे हायत का न्हाय?"

डॉक्टर गोंधळले. "तेवीस वेळा लिहिलंय, चालते म्हणून. इंजेक्शनांची यादी आजच पाठवायचीय. ताई, तुम्हीच सांगा, कसं काय?"

दारात चार लोक उभे. दीपमालाच्या 'चालतंय' अगदी जिभेवर आलं. पण इंजेक्शन हुकलं तर? आज पाय गेले, उद्या हात जातील. मग कात्री कोण धरणार?

"लिहा," ती म्हणाली. "चालत न्हाय. दोन वर्षं झाली, भिंत धरल्याबिगर पाऊल पडत न्हाय."

निकिताचा चेहरा उतरला. "अगं बाई! मला वाटलं, तुम्ही चालण्याचंच सांगताय."

डॉक्टर एकेक विचारत गेले, निकिता नोंदी दुरुस्त करत गेली. काठी कधी घेतली, पडली कितीदा. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि हात?"

दीपमालानं सासूकडं बघायचं टाळलं. "दिवाळीपासून सुईत दोरा ओवता येत न्हाय. शेजारची समृद्धी येऊन ओवून देते."

कॉम्प्युटरनं पुन्हा हिशेब केला. 'तीव्र.'

"तीव्र! यादीत नाव आलं, ताई!" निकिता म्हणाली.

दीपमालाला सुटल्यासारखं झालं. पण ज्या शब्दासाठी म्हाळसाबाई भांडल्या, तो ऐकून त्याच मटकन खाली बसल्या.

"हात बी व्हय गं?" त्यांना हुंदका आवरेना. "डब्याला न्हाय तर न्हाय, मला तरी सांगायचंस."