सासूबाईंनी पंप बदलला

माझ्या सासूबाई चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतात आणि त्यांचं कुणाशी पटत नाही. माझ्याशीही नाही. तेव्हा हे सुनेने केलेलं कौतुक समजू नये.

पंचावन्नाव्या वर्षी त्या गाडी चालवायला शिकल्या आणि शिलाईच्या कमाईतून एक जुनी निळी गाडी घेतली. शिवलेले कपडे पोचवायला म्हणून निघायच्या, ते चार-चार तास घराकडे फिरकायच्या नाहीत. कुणाला न विचारता बाहेर पडता येईल अशी त्यांची ती एकच वाट होती.

बुधवारी गाडी अंगणातच बंद पडली. गॅरेजवाल्याने मागच्या सीटला कान लावला. "किल्ली फिरवली की इथून घूं असा आवाज यायला हवा. करंट पोचतोय, आवाज नाही. पेट्रोलचा पंप गेला." सांगितलं कुणाला, तर माझ्या नवऱ्याला! मालकीण शेजारीच उभी होती. "जुनी गाडी आहे साहेब, काढून टाका." नवऱ्याने मान डोलावली आणि जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला रविवारी बाराला बोलावूनही टाकलं.

"आई, या वयात कशाला व्याप? कुठं जायचं असलं तर मी सोडीन की."

"म्हणजे मी तुझ्या सोयीने जायचं," सासूबाई म्हणाल्या. "पंप मीच बसवते."

"आई, ते शिवणकाम नाही."

झालं! हे वाक्य तो बोलला नसता, तर कदाचित गाडी गेलीही असती.

दोन दिवस त्यांनी मोबाइलवर एकच व्हिडिओ पाठ केला. शनिवारी नवा पंप आणला. रविवारी सकाळी गाडीचे चारी दरवाजे उघडे टाकले, बॅटरीची वायर काढली आणि मला हुकूम सोडला, "गॅस पेटवायचा नाही. आज कुणाला चहा नाही." मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं. टाकीच्या तोंडात पंप उभा बसवलेला आणि वरून प्लास्टिकचं मोठं कडं घट्ट आवळलेलं. शिलाई मशिनच्या ब्रशने त्यांनी धूळ झाडली. मग खडू काढून पंपावरून टाकीपर्यंत एक सरळ रेघ मारली.

"बाही लावताना अशीच खूण करतात. नवा पंप याच रेघेवर बसवायचा."

कडं हटता हटेना. शेवटी लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत फिरवलं. जुना पंप निथळत बाहेर आला, नवा हातात घेतला, आणि बघतो तर रेघ गायब! सांडलेल्या पेट्रोलने खडू धुऊन नेला होता. कपड्यांवरचे डाग चाळीस वर्षं पेट्रोलच्या बोळ्याने काढणाऱ्या बाईने पेट्रोलच्याच टाकीवर खडूची खूण केली होती. मला हसू आवरेना. त्याही हसल्या, आणि मग स्वतःला एक सणसणीत शिवी घातली.

अंदाजाने बसवला, तर पंपाला जोडलेला, पेट्रोल किती आहे ते दाखवणारा तरंगता गोळा आत कुठेतरी अडायचा आणि कड्याचे आटे लागायचे नाहीत. एकदा, दोनदा, पाचदा. अकरा वाजले. नवरा खिडकीतून म्हणाला, "मी सांगितलं होतं ना?"

"तू आत जा," मी म्हणाले. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूबाईंच्या बाजूने मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. माझी मीच दचकले. राग मात्र खरा होता, आणि बरं वाटत होतं.

सासूबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या जुन्या पंपावरून सोडवलेल्या पेट्रोलच्या नळीकडे बघत होत्या. इतकी वर्षं एकाच जागी राहून नळीला बाक आला होता. "कापड ओढून शिवलं की चुणी पडते," त्या पुटपुटल्या. "नळी ओढावी लागणार नाही, अशा बेताने पंप फिरवूया." जरासा फिरवला, आणि तो अलगद खाली बसला. रबराची नवी रिंग, कडं, नळी, वायर, बॅटरी. किल्ली फिरवली. घूं! त्यांनी लगेच उतरून नळीपाशी बोट फिरवून पाहिलं. कोरडं. मग आणखी दोनदा किल्ली फिरवली आणि गाडी सुरू केली. ती खोकली, थरथरली आणि चालू राहिली. मी तर टाळ्याच वाजवल्या.

बाराच्या ठोक्याला गाडी घेणारा हातात दोर घेऊन फाटकातून आत आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बंद म्हणाला होतात! चालू असेल तर उत्तमच. आत्ताच नेतो."

नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग मला शोधलं. मी दुसरीकडे बघितलं. शेवटी तो गाडीच्या खिडकीशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, द्यायची का?"

सासूबाईंचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते तसेच त्यांनी स्टिअरिंगवर ठेवले.

"हे बुधवारी विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. "सरक मागे."

तो सरकला. फाटक त्या दोरवाल्यानेच उघडून धरलं.